कॉम्प्रेशन वाढवलेल्या बोटीचे हेड पॅकिंग पुन्हा पुन्हा का उडते?

पेट्रोलवर चालणाऱ्या बोटीचा वेग वाढावा म्हणून इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, घासून कॉम्प्रेशन, म्हणजे पेटण्याआधी मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, वाढवले जाते, आठ-दहा दिवस बोट छान चालते आणि एके दिवशी भर पाण्यात हेड पॅकिंग (हेड आणि खालचा ब्लॉक यांमधली गास्केट) उडते. हेड पुन्हा फेसिंगला, म्हणजे यंत्रावर सपाट करायला, जाते, नवे पॅकिंग पडते, बोल्ट आवळले जातात, आणि या खेपेला पॅकिंग चारच दिवस टिकते. तिसऱ्या खेपेला ते पहिल्याच तासात जाते. मग दोष पॅकिंगच्या दर्जाला, बोल्टांना किंवा पेट्रोलमधल्या भेसळीला दिला जातो. माझ्या अनुभवात मात्र बहुतेक वेळा दुरुस्तीच आजार वाढवत असते. हेड सपाट करण्यासाठी दर वेळी जो थर काढला जातो, त्याने ज्वलनकक्ष आणखी लहान होतो, कॉम्प्रेशन आणखी चढते, आणि ज्या कारणाने पॅकिंग उडाले ते कारण अधिक बळकट करून आपण इंजिन पुन्हा बंद करतो.

नांदेडला माझ्या वर्कशॉपमध्ये गेल्या उन्हाळ्यात आलेली बोट याच फेऱ्यात अडकली होती. गोदावरीकाठच्या एका मच्छीमार सोसायटीची ही सोळा फुटी फायबरची बोट, तिच्यात एका जुन्या जीपगाडीचे चार सिलिंडरचे, कार्ब्युरेटरचे १२९८ सीसीचे पेट्रोल इंजिन बसवलेले. एरवी ती जाळी आणि माणसे ने-आण करते. नदीला पूर आला की शेतात, वस्तीवर अडकलेल्यांना काढायला हीच बोट जाते. प्रवाहाच्या उलट दिशेने सहा माणसे घेऊन चढता यावे, एवढ्यासाठीच सोसायटीने कॉम्प्रेशन वाढवून घेतले होते, त्यामुळे ही हौस आहे असे मला एकदाही वाटले नाही. बोट चालवणारे मामा वयाने माझ्याहून बरेच मोठे. त्यांनी काढलेली तीन पॅकिंगे पोत्यात घालून आणली होती आणि ती ओट्यावर मांडत ते म्हणाले, “तीनदा हेड फेस केलं, पॅकिंग दर वेळी चांगल्यातलं टाकलं. आता काय करायचं राहिलं, ते तुम्हीच सांगा.” मी विचारले, “मामा, पहिल्यांदा किती काढलं आणि नंतर किती, हे कुठं लिहून ठेवलंय का?” तर ते म्हणाले, “पहिल्यांदा एक पॉइंट दोन सांगितलं होतं. पुढचं कोण लिहितं?”

तपासाची सुरुवात जुन्या पॅकिंगपासून करावी, ते फेकून देऊ नये. ही तिन्ही पॅकिंगे एकाच जागी, दोन आणि तीन क्रमांकाच्या सिलिंडरांमधल्या अरुंद पट्टीत, जळालेली होती. सिलिंडरभोवतीच्या धातूच्या कड्याला तिथे पोक आले होते, जणू आतून कोणी छिन्नीने ठोकले असावे. बोल्ट ढिले राहिल्याने किंवा हेड वाकल्याने पॅकिंग गेले, तर साधारणपणे पाण्याच्या आणि तेलाच्या मार्गांपाशी ओल, काजळीच्या लांब रेघा आणि सावकाश झालेली गळती दिसते. कडे आतून ठोकल्यासारखे दिसले, की संशय नॉकिंगवर घ्यावा. ठिणगीने पेटलेली ज्योत पसरत असताना, अजून न पेटलेला उरलेला वायू दाबाने व उष्णतेने आपोआप एकदम पेट घेतो, त्या धक्क्याला आपण नॉकिंग म्हणतो. त्या धक्क्यासमोर कोणतेही पॅकिंग फार काळ टिकत नाही.

रस्त्यावर गाडीत नॉकिंग ऐकू येते. बोटीत ते ऐकू येत नाही, आणि इथेच लोक फसतात. पाण्याचा आपटता आवाज, एक्झॉस्ट आणि फायबरची गुंजणारी तळफळी यांत तो धातूचा कडकडाट बुडून जातो. म्हणून स्पार्क प्लगकडे पाहावे. भर वेगात पाच मिनिटे चालवून, वेग न उतरवता चावी बंद करून प्लग काढला, तर नॉकिंग असलेल्या सिलिंडरच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरीपुडीसारखे बारीक काळे ठिपके दिसतात, आणि पिस्टन झिजू लागला असेल तर त्यांत चंदेरी कण चमकतात. दुसरी सोपी युक्ती म्हणजे तांब्याच्या नळीचे एक टोक ठोकून चपटे करावे, त्याला भोक पाडून ते ब्लॉकवरच्या एखाद्या बोल्टखाली आवळावे आणि दुसऱ्या टोकाला जाड रबरी नळी लावून ती कानाच्या संरक्षक कपात घालावी. बाहेरचा गोंगाट बंद होतो आणि नॉकिंग स्पष्ट टकटकते. चावी बंद केल्यावरही इंजिन दोन-चार फेरे गडगडत राहत असेल, तर तीही खूण समजावी.

मामांच्या आधीच्या मिस्त्रीने कॉम्प्रेशन गेजवर विश्वास ठेवला होता, आणि तो विश्वास त्याला आडवा गेला. चांगल्या सिलिंडरांत गेज १६५ पीएसआय दाखवत होते, म्हणजे मूळ इंजिनापेक्षाही कमी, आणि त्यावरून कॉम्प्रेशन अजून पुरेसे वाढलेले नाही असा निष्कर्ष निघाला होता. पण या इंजिनात व्हॉल्व्हची उघडझाप करणारी कॅमशाफ्ट हेडमध्ये आहे आणि ती खालच्या क्रँकवरून पट्ट्याने फिरते. हेड घासले की कॅम आणि क्रँक यांमधले अंतर कमी होते, पट्ट्याची ओढीची बाजू आखूड होते, आणि टेन्शनर उरलेली ढील घेतो तेव्हा कॅम आपल्या जागेपासून मागे पडलेली असते. कॅम मागे पडली की हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, स्टार्टरने इंजिन फिरवताना थोडी हवा परत बाहेर ढकलली जाते आणि गेजवरचा आकडा उतरतो. म्हणजे घासून वाढलेले कॉम्प्रेशन गेजवर पुरते दिसत नाही. शिवाय कॅम मागे पडल्याने खालच्या वेगाला इंजिन मरगळते, मग मिस्त्री कानाने अंदाज घेत डिस्ट्रिब्युटर पुढे फिरवतो आणि इग्निशन टायमिंग वाढते, म्हणजे ठिणगी आणखी आधी पडते. मी टायमिंग लाइट लावून पाहिले, तर पूर्ण वेगाला ३८ अंश अ‍ॅडव्हान्स होता, म्हणजे पिस्टन माथ्यावर येण्याच्या ३८ अंश आधी ठिणगी पडत होती. या इंजिनाला ३० च्या आसपास पुरतो. तीन चुका एकमेकींना हात देत होत्या आणि तिन्हींचा उगम फेसिंगच्या यंत्रावर होता.

खरे कॉम्प्रेशन किती, हे गेज सांगत नाही, ते मोजावे लागते. त्यासाठी प्रयोगशाळेत असतो तसा ५० मिलिलिटरचा ब्युरेट, मध्ये लहान भोक पाडलेला अ‍ॅक्रिलिकचा जाड तुकडा आणि थोडे ग्रीस एवढेच लागते. हेड उलटे करून लेव्हलमध्ये ठेवावे, व्हॉल्व्ह आणि प्लग जागेवर असावेत, कक्षाच्या कडेला ग्रीसचा पातळ थर लावून अ‍ॅक्रिलिक दाबून बसवावे आणि ब्युरेटमधून रंगवलेले रॉकेल त्या भोकातून सोडावे. शेवटचा बुडबुडा भोकाकडे सरकून निघून जातो, त्या क्षणी तोटी बंद करावी आणि आकडा वाचावा. मी चारही कक्ष दोन-दोनदा मोजले आणि सरासरी २५.३ सीसी आली. तसेच न घासलेले दुसरे हेड मोजले, तर ३२.३ सीसी. व्हर्नियरने दोन्ही हेडांची जाडी पाहिली, तेव्हा मामांचे हेड २.३ मिलिमीटरने पातळ झालेले होते, १.२ ने नव्हे.

हिशेब साधा आहे, पण तो कागदावर करावा. बोर ७४ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर, म्हणजे एका सिलिंडरचे आकारमान ३२४.७ सीसी. पिस्टन सर्वात वर असताना उरणाऱ्या जागेत हेडचा कक्ष, पॅकिंगची जाडी, पिस्टनच्या माथ्याची खोलगट वाटी आणि पिस्टन व ब्लॉकचा पृष्ठभाग यांतले अंतर, असे चारही भाग धरावे लागतात. शेवटचे तीन मिळून इथे ९.३ सीसी होते. सिलिंडर आणि ही उरलेली जागा यांच्या बेरजेला उरलेल्या जागेने भागले की कॉम्प्रेशन मिळते. मूळ हेडला एकूण ४१.६ सीसी, म्हणून कॉम्प्रेशन ८.८ ला १. पहिल्या फेसिंगनंतर जागा सुमारे ३८ सीसी राहिली असणार, म्हणजे ९.५. तिसऱ्या फेसिंगनंतर ती ३४.६ झाली, म्हणजे १०.४. सोसायटीने पैसे ९.५ साठी दिले होते आणि बोट पुराच्या तयारीत १०.४ वर उभी होती.

१०.४ जास्त का, असे कोणी विचारील, कारण आजच्या कितीतरी गाड्या एवढ्या कॉम्प्रेशनवर आपल्याच पंपावरच्या पेट्रोलवर धावतात. त्यांच्यात नॉक सेन्सर असतो, संगणक क्षणात टायमिंग मागे घेतो, आणि कक्षाचा आकारही त्यासाठीच घडवलेला असतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात यातले काहीही नाही. दुसरे कारण बोट हेच आहे. सपाट रस्त्यावर गाडी ताशी साठने जाते, तेव्हा इंजिनाच्या ताकदीचा थोडा भागच खर्च होतो. बोटीचा पंखा मात्र पाणी सतत ढकलत असतो आणि भर वेगात बोट म्हणजे न संपणारा घाट टॉप गिअरमध्ये चढणारी गाडी. गाडीत दहा सेकंद टिकणारा भार इथे अर्धा तास टिकतो. म्हणून गाडीत जे कॉम्प्रेशन निभते, त्यापेक्षा बोटीत अर्धा ते एक पॉइंट कमी धरावे, असे माझे ठाम मत आहे.

तिसरे कारण आकड्यांच्या गोंधळाचे आहे आणि त्याने अनेक जाणते लोकही चुकले आहेत. अमेरिकेतल्या वेगवान बोटींच्या माहितीत पंपावरच्या ‘९१’ पेट्रोलवर साडेनऊ-दहा कॉम्प्रेशन चालते असे वाचायला मिळते, आणि आपल्याकडेही साध्या पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग सोसण्याच्या क्षमतेचा आकडा, ९१ म्हटला जातो. हे दोन ९१ एक नव्हेत. अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा रिसर्च आणि मोटर या दोन पद्धतींच्या ऑक्टेनची सरासरी असतो, तर आपला ९१ फक्त रिसर्च पद्धतीचा, १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकातला किमान आकडा. तिथले ९१ आपल्या मोजणीत ९५ च्या पुढे जाते, आणि आपले ९१ तिथे ८७ च्या आसपास भरते. तिथल्या चांगल्या पेट्रोलसाठीचा आकडा उचलून तो आपण इथल्या साध्या पेट्रोलवर लावतो.

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमुळे ही भीती उरलेली नाही, असेही काही जण सांगतात. इथेनॉलचा स्वतःचा रिसर्च ऑक्टेन १०८ च्या घरात आहे, त्यामुळे वीस टक्के मिश्रणाची नॉकिंग सोसण्याची क्षमता साध्या पेट्रोलहून वाढते, हे खरे आहे. पण बोटीच्या टाकीत हा फायदा गृहीत धरू नये. अर्धी रिकामी टाकी आठ महिने पाण्याच्या दमट हवेत राहते, रात्री आत दव धरते, आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल पाण्यासह वेगळे होऊन तळाशी बसते. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घटलेला असतो. मामांच्या टाकीच्या तळातून काढलेले पेट्रोल मी काचेच्या बाटलीत तासभर स्थिर ठेवले. खाली बोटभर गढूळ थर आणि वर स्वच्छ पेट्रोल, मधली रेघ पट्टीने आखल्यासारखी. असे पेट्रोल गाळून वापरू नये, टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करावी. बोट महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकी एकतर जवळपास भरलेली ठेवावी किंवा पूर्ण रिकामी ठेवावी. जुन्या रबरी नळ्याही याच वेळी बदलाव्यात, कारण इथेनॉलने त्या मऊ पडून पाझरतात.

इथेनॉलची आणखी एक बाजू कार्ब्युरेटरच्या इंजिनाला लागते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण साडेतेरा. कार्ब्युरेटरचा जुना जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, तसाच ठेवला तर इंजिन सुमारे आठ टक्के लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर, चालते, आणि भर भारावर लीन चालणारे इंजिन तापते. आम्ही ११० चा मुख्य जेट काढून ११५ चा बसवला. जेटमधून जाणारे पेट्रोल व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून एवढा लहान फरकही नऊ टक्क्यांचा होतो.

उष्णतेचे दोन मार्ग अजून तपासायचे होते. गोदावरीचे पाणी पावसाळ्यात काळ्या मातीचा गाळ घेऊन येते आणि या इंजिनाला थंड करायला नदीचेच पाणी फिरते. चौथ्या सिलिंडरच्या मागे पाण्याची वाट या गाळाने निम्मी भरलेली होती. वाळलेली काळी माती सिमेंटसारखी धरते, तिला तारेने टोकरून आणि उलट्या दिशेने पाणी मारून काढावे लागले. दुसरा मार्ग हवेचा. मे महिन्यात नांदेडचा पारा बेचाळीसच्या वर असतो आणि बंद इंजिनपेटीत कार्ब्युरेटरच्या तोंडाशी मी ६५ अंश मोजले. आत जाणारी हवा जितकी गरम, तितके नॉकिंग लवकर. पेटीला पुढून हवेची वाट आणि मागून तप्त हवा बाहेर जाण्याची वाट दिल्यावर तोच आकडा ४६ वर आला. हे करताना कार्ब्युरेटरवरची ज्योतरोधक जाळी मात्र काढू नये, आणि सुरू करण्याआधी चार मिनिटे ब्लोअर चालवून तळात साठलेली पेट्रोलची वाफ बाहेर काढावी. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते आणि बोटीच्या तळातून ती आपोआप निघत नाही.

उंचीचा उल्लेख करतो, कारण समुद्रकाठच्या बोटींचे आकडे इथे तंतोतंत लागू पडत नाहीत. पैठणच्या नाथसागराची, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाची, पूर्ण संचय पातळी १५२२ फूट आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा पाचेक टक्के कमी असतो. तेवढी सूट इंजिनाला मिळते, गेजही तेवढे कमी दाखवते. नांदेड पैठणहून खाली आहे, म्हणून इथे ही सूट आणखी कमी.

उपाय काय केला, ते सांगतो. जाड पॅकिंग टाकून कॉम्प्रेशन उतरवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण मी तो घेतला नाही. हेडचा सपाट भाग आणि पिस्टनचा माथा यांच्यात थोडेच अंतर असले, तर शेवटच्या क्षणी तिथली हवा दाबून कक्षात फेकली जाते, मिश्रण घुसळते आणि ज्योत वेगाने पसरते. जाड पॅकिंगने हे अंतर वाढते, घुसळण मंदावते, आणि कॉम्प्रेशन उतरूनही नॉकिंग तसेच राहू शकते. म्हणून भंगारबाजारातून कधीच न घासलेले हेड शोधले, भेगा तपासून घेतल्या आणि त्याचे फक्त ०.७ मिलिमीटर काढले. कक्ष ३०.२ सीसी, एकूण ३९.५, कॉम्प्रेशन ९.२. पॅकिंग मूळ १.२ मिलिमीटरचेच ठेवले. ब्लॉकचा माथाही पट्टी आणि फिलर गेजने पाहिला, कारण हेड दहा वेळा सपाट करणारे लोक ब्लॉककडे एकदाही पाहत नाहीत; तो ०.०५ मिलिमीटरच्या आत निघाला. बोल्ट नवे घेतले, त्यांच्या आट्यांना तेल लावून टॉर्क रेंचने तीन टप्प्यांत आवळले. कॅम अ‍ॅडजस्टेबल पुलीने खुणेवर आणली, पूर्ण अ‍ॅडव्हान्स ३० अंशांवर बांधला आणि प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारे, घातले.

मामांना कमी कॉम्प्रेशनचे हेड बसवतोय हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला, म्हणून त्यांच्यासमोर वहीत आकडा मांडला. ८.८ वरून ९.८, म्हणजे पूर्ण एक पॉइंट, कॉम्प्रेशन वाढवले तरी इंजिनाची ताकद सुमारे तीन टक्क्यांनी वाढते. साठ हॉर्सपॉवरला दोन. त्या दोन हॉर्सपॉवरसाठी त्यांनी तीन पॅकिंगे आणि एक हेड गमावले होते. त्यांना हवी असलेली ओढ पंख्यात अडकलेली होती. बोटीला १७ इंच पिचचा (एका फेऱ्यात पंखा हिशेबाने जितका पुढे सरकतो ते अंतर) पंखा होता आणि त्याने इंजिन ४३०० फेऱ्यांपलीकडे जाऊच शकत नव्हते; सहा माणसे बसली की ३६०० वरच घुसमटत असे, आणि कमी फेऱ्यांवर पूर्ण भार हीच नॉकिंगची सर्वात आवडती जागा. १४ इंच पिचचा पंखा लावला. एक इंच पिच कमी केले की साधारण दीडशे ते दोनशे फेरे वाढतात, त्याप्रमाणे इंजिन ४८५० वर गेले. एकट्या चालकासह कमाल वेग ताशी ४६ किलोमीटरवरून ४७ झाला, म्हणजे फरक नाहीच. पण सहा माणसे आणि दोर घेऊन पूर्वी नाक वर करून पाणी ढकलत राहणारी बोट आता काही सेकंदांत नाक खाली घेऊन पाण्यावर सरकू लागते, आणि सोसायटीला नेमके हेच हवे होते.

पहिले दोन तास अर्ध्या वेगाने चालवून, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बोल्टांचा टॉर्क पुन्हा तपासला. नंतर भर वेगात वीस मिनिटे चालवून प्लग काढले. चिनीमाती फिकट तपकिरी, ठिपका एकही नाही. त्यानंतरचा पूर्ण पावसाळा बोट चालली आणि हेड उघडावे लागलेले नाही. हेड चढवण्याआधी मी एक्झॉस्टच्या बाजूला, सहज दिसेल अशा जागी, पंचाने ‘०.७’ आणि त्याखाली ‘९.२’ ठोकून ठेवले आहे. पुढच्या वेळी हे हेड कोणत्याही टर्नरच्या यंत्रावर गेले, तरी आधी किती काढले गेले आहे ते त्याला मामांना विचारावे लागणार नाही.